आबांनी पुसलेल्या खुंट्या

सकाळी सहाच्या आत माझ्याशी कुणी बोललेलं मला चालत नाही. घरच्यांना हे माहीत आहे, मी फळं-भाज्या पेट्यांत भरते त्या पॅकहाउसमधल्यांना माहीत आहे, आमच्या मांजरालाही माहीत आहे. आबा मुळीकांना मी पहिल्याच दिवशी बजावलं होतं, माझ्या गाडीत बसायचं तर गप्प बसायचं. ते "बरं" म्हणाले आणि पापाकुरातल्या आमच्या गल्लीतून गाडी मेन रोडला लागेपर्यंत खरंच गप्प बसले. मग म्हणाले, "ताई, एकच विचारतो. हा दिवा इथं कुणी लावला? धुक्याची सगळी कळा घालवली की यानं." रस्त्यावरच्या दिव्याबद्दल बोलत होते. पुढे जवळजवळ नऊ महिने मी रोज पहाटे एका चौऱ्याहत्तर वर्षांच्या माणसाच्या दिव्यांबद्दलच्या, कुंपणांबद्दलच्या, विजेच्या तारांबद्दलच्या तक्रारी ऐकत गाडी चालवली. आता शेजारची सीट रिकामी असते, कुणी बोलत नाही, आणि तरीही माझी चिडचिड होते.

सुनीता, त्यांची मुलगी, माझ्यापासून दोन घरं सोडून राहते. वृद्धाश्रमात नर्स आहे. आई गेल्यावर तिने आबांना मिरजेहून इकडे परदेशात आणलं. इथे असे आईवडील ढिगाने आहेत. सकाळी रबरी सपाता घालून पार्कला दोन चकरा, दुपारी मॉलमध्ये बाकावर, संध्याकाळी भारतात फोन, आणि सहा महिने झाले की तिकिटाची चौकशी. आबांनी आठवडाभर हे करून पाहिलं. मग गॅरेजमध्ये जावयाचा जुना कॅमेरा आणि लांब लेन्स सापडली, आणि पार्क, बाक, फोन सगळं सुटलं.

कॅमेरा त्यांना नवा नव्हता. पण फोटो काढणं हे त्यांचं काम कधीच नव्हतं. मिरजेतल्या एका स्टुडिओत चाळीस वर्षं ते रिटचर होते. फोटो मालक काढायचा, आबा मागच्या खोलीत काचेच्या तिरक्या टेबलावर निगेटिव्ह ठेवून, खाली दिवा लावून, टोकदार पेन्सिलीने आणि ब्लेडने ती दुरुस्त करायचे. देवीचे व्रण भरायचे, सुरकुत्या घालवायच्या. पण मुख्य काम गेलेल्या माणसांचं. लोक लग्नातला ग्रुप फोटो घेऊन यायचे आणि कोपऱ्यातल्या म्हाताऱ्यावर बोट ठेवून म्हणायचे, हे वारले, एवढेच पाहिजेत, भिंतीवर लावायला. आबा मग बाकी सगळी वरात पुसून टाकायचे. शेजारच्याचा खांद्यावरचा हात काढून तिथे कोटाची बाही रंगवायची, उघडं डोकं असेल तर फेटा बांधायचा. "भोवतीचं काढलं की माणूस उरतो," हे त्यांचं वाक्य. दिवसातून दोनदा तरी ऐकवायचे, आणि मी दोन्ही वेळा "कळलं हो" म्हणायचे.

एकदा एक बाई बुडून गेलेल्या मुलाचा फोटो घेऊन आली होती. जिवंतपणी एकही काढलेला नव्हता, बाहेर काढल्यावर कुणीतरी काढलेला तो एकच. डोळे मिटलेले. आबांनी तिला काउंटरसमोर स्टुलावर बसवलं, तिच्या डोळ्यांकडे बघत बघत निगेटिव्हवर ब्लेडच्या टोकाने मुलाचे डोळे उघडले. चार तास लागले. प्रिंट हातात घेऊन बाई म्हणाली, बघतोय की हा. हे सांगताना आबांचा आवाज एरवीसारखाच असायचा, पण गोष्ट संपली की ते उठून पाणी प्यायला जायचे. मी एकदा विचारलं, आबा, इतक्या वर्षांत जिवंत माणसाचं काहीच काम नाही केलं? तर म्हणाले, जिवंत माणसाला दुरुस्ती कुठे चालते.

त्यांना कॉम्प्युटरवर फोटो सुधारायला मी शिकवलं. हे मला लिहायलाच हवं, कारण पुढे जे झालं त्यात माझाही हात आहे. रविवारी दुपारी माझ्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर लॅपटॉप ठेवून मी त्यांना फोटोतला एखादा डाग शेजारच्या रंगाने झाकणारा ब्रश दाखवला. पाच मिनिटं बघितलं आणि माझ्या हातातून माउस काढून घेतला. त्यानंतर मी शिकवलं असं काही नाही, मी भात लावायचे आणि ते काम करायचे. मोटरवेच्या कडेला चिखलात फिरणाऱ्या निळ्या पुकेको पक्ष्यांचा फोटो त्यांनी काढला होता, मागे ट्रकांची रांग. दोन तासांनी बघते तर मोटरवे नाही, ट्रक नाहीत, नुसतं धुकं आणि त्यात तीन पक्षी चाललेले. कडा काळवंडलेल्या, मधला उजेड दुधासारखा. मी म्हटलं, आबा, याला इथे मूड म्हणतात, मूडसाठी लोक असं एडिटिंग करतात. त्यांनी विचारलं, मूड म्हणजे काय ओ? मी सांगत बसले. शेवटी म्हणाले, "कळा म्हणा की सरळ. माणसाच्या तोंडावर असते, तशी उजेडावर पण असते. नसली तर आणायची."

काम झालं की ते त्याच फाइलवर सेव्ह करायचे. वेगळी कॉपी नाही. संध्याकाळी कॅमेऱ्याचं कार्डही रिकामं करून टाकायचे. मी बघितलं होतं. म्हटलंही, आबा, मूळचा फोटो ठेवत जा. तर म्हणाले, निगेटिव्ह एकच असते, तिच्यावर हात फिरला की तीच खरी, आणि कामाची भांडी खरकटी ठेवून मी कधी घरी गेलेलो नाही. तेवढ्यात कुकरची शिट्टी झाली आणि मी उठले. पुन्हा विषय काढला नाही. काढायला हवा होता.

माझं पॅकहाउस पापाकुराच्या दक्षिणेला. वाटेत, मेन रोड सोडून दहा मिनिटं आत गेलं की एक पाणथळ जागा होती. पाणकणसाचं रान, मधे काळं पाणी, पहाटे वर धुक्याचं झाकण. सातच्या शिफ्टला जाताना मी आबांना तिथे सोडायचे. वळणावरचं शेवटचं घर मेरेचं. मेरे माओरी, इथल्या मूळ लोकांतली बाई, साठी उलटलेली, आयुष्यभर शाळेची बस चालवलेली, आवाज तसाच, मागच्या सीटपर्यंत पोचणारा. पहिल्या दिवशी तिने कुंपणावरून आबांना "कीया ओरा" म्हटलं, आबांनी "नमस्कार" म्हटलं, आणि तिथून पुढे ती इंग्रजीत बोलायची, ते मराठीत, आणि चहा दोघं एकत्र प्यायचे. मी एकदा म्हटलं, तुम्हाला एकमेकांचं कळतं तरी काय? आबा म्हणाले, ती तिच्या नवऱ्याचं सांगते, मी सुनीताच्या आईचं. मेरेला विचारलं तर तिनेही तेच सांगितलं. मी कपाळाला हात लावला.

त्या जागेवर घरं होणार होती. पाण्याच्या कडेकडेने सर्व्हेवाल्यांनी लाकडी खुंट्या ठोकल्या होत्या, प्रत्येकीला गुलाबी फीत. मेरे आणि तिच्या ओळखीचे सातआठ जण विरोध करत होते. मेरे म्हणायची, इथे मातुकू आहे. मातुकू म्हणजे बगळ्याच्या जातीचा, तपकिरी, अतिशय बुजरा पक्षी. इथे आता फारच थोडे उरलेत आणि तो राहतो ती पाणथळ सहजासहजी बुजवू देत नाहीत. वसंतात, म्हणजे इथे सप्टेंबर-ऑक्टोबरात, त्याचा नर घुमतो, रिकाम्या घागरीत फुंकर मारावी तसा आवाज. मेरेने तो ऐकला होता, लहानपणापासून ऐकत आली होती. पण घरं बांधणाऱ्यांचा तज्ज्ञ तीनदा येऊन गेला, त्याला ना आवाज मिळाला ना पक्षी. ऑक्टोबरच्या शेवटी घरांच्या परवानगीची सुनावणी होती. म्हातारीने ऐकलं, एवढ्यावर कोण थांबणार?

आबांनी हे ऐकलं आणि त्यांचं चित्त दुसऱ्या कशात लागेना. पुकेको नको, बदकं नकोत, मातुकूच. ऑगस्ट गेला, सप्टेंबर संपत आला. पाण्याच्या कडेला पाणकणसात मेरेने दिलेल्या प्लास्टिकच्या खुर्चीवर ते अडीच अडीच तास बसायचे. त्यांना थंडीत खोकला यायचा. तो येऊ नये म्हणून जिभेखाली लवंग, आलाच तर मफलर दातात धरायचे. सुनीताने एकदा तो मफलर धुवायला घेतला तर त्याला चावून चावून भोकं पडलेली.

आणि एका सकाळी तो आला. मी कामावर होते, मला हे आबांनी नंतर सांगितलं, आणि तेही पुरतं सांगता आलं नाही त्यांना. धुकं गुडघ्याएवढं उरलं होतं, मागून ऊन यायला लागलं होतं, आणि पाणकणसातून तो पाण्यात उतरला. मान खाली घालून मासा शोधत चालला. आबांनी सहा फोटो काढले. पाच हलले. एक मिळाला.

त्यांनी मला तो लगेच दाखवला नाही. दोन दिवस सुनीताच्या लॅपटॉपवर बसले, मग औषधाच्या दुकानातून, इथे फोटो तिथेच छापतात, मोठी प्रिंट काढून आणली आणि माझ्या टेबलावर ठेवली. मी आयुष्यात फार चित्रं बघितलेली नाहीत, पण मी हातातला चमचा खाली ठेवला. काळं पाणी, त्यावर वाफ, आणि वाफेत अर्धा बुडालेला तो पक्षी, पाठीवर उन्हाची एक रेघ. दुसरं काही नाही. जगात त्याच्याशिवाय कुणीच नाही असं वाटत होतं. मी म्हटलं, आबा, हे तुमचं सगळ्यात चांगलं काम. ते लहान मुलासारखे हसले.

त्याच आठवड्यात आम्ही प्रिंट मेरेला द्यायला गेलो. तिने चष्मा लावला आणि खुर्चीत बसली.  मग माझ्याकडे वळून म्हणाली की हाच, हाच तो, आता बघू कोण नाही म्हणतो. आबांना मिठी मारली. मग चष्मा पुसून पुन्हा फोटो बघितला आणि विचारलं, खुंट्या कुठे आहेत?

मी आबांना मराठीत विचारलं. आबा म्हणाले, "काढल्या की. चार होत्या, गुलाबी फितीच्या. कुंपण पण होतं मागं, विजेचा खांब होता. धुकं कमी पडत होतं, ते थोडं वाढवलं. कळा जात होती सगळी."

मेरे म्हणाली, हरकत नाही, कॅमेऱ्यातली मूळची फाइल द्या, त्यात खुंट्या असतील, जागा आपोआप सिद्ध होईल. आणि मला ताबडतोब समजलं.  आबांना समजायला वेळ लागला, कारण मी भाषांतरच केलं नाही. तिने दुसऱ्यांदा विचारलं तेव्हा केलं. आबांनी माझ्याकडे बघितलं, मेरेकडे बघितलं. मूळची कुठली, म्हणाले, हीच. ते उठून बाहेर गेले आणि मेरेच्या अंगणातल्या नळाला तोंड लावून पाणी प्यायले.

त्यानंतरचे तीन आठवडे मी विसरू म्हटलं तरी विसरू शकत नाही. बसून राहणं आबांना माहीत नव्हतं. शहराच्या पलीकडे अल्बनीला आमच्या ओळखीचा एक सोलापूरचा मुलगा आहे, शिकायला आला आणि इथेच राहिला, कॉम्प्युटर दुरुस्तीचं काम करतो. पुसलेल्या कार्डातूनही कधीकधी काही निघतं, असं कुणीतरी म्हणालं. मी रजा टाकली. पापाकुराहून ट्रेन, शहरातून पुढे बस, दोन तासांचा प्रवास, आणि सबंध वाटभर आबांनी ते कार्ड रुमालात बांधून मुठीत धरलेलं. मुलाने तासभर खटपट केली. त्या कार्डावर नंतर रोज नवे फोटो काढले होते, त्यामुळे जुनं जवळजवळ सगळं गेलं होतं. शेवटी तो म्हणाला, एक फाइल थोडी उघडते. आम्ही तिघं स्क्रीनवर वाकलो. वरून एक पट्टी उलगडत आली, आणखी एक, आणखी एक, आणि तिथेच थांबली. वरचा तिसरा हिस्सा निघाला होता. खाली राखाडी पत्रा. आणि त्या वरच्या हिश्शात काय, तर धुकं. खुंट्या नाहीत, पाणी नाही, पक्षी नाही. मुलगा बिचारा म्हणाला, सॉरी काका. आबांनी स्क्रीनवर जिथे धुकं संपत होतं तिथे बोट ठेवलं आणि म्हणाले, याच्या खालीच होता तो.

मग उरलं एकच, पुन्हा फोटो मिळवणं. ते रोज जायला लागले, पाऊस असो, वारा असो. ऑक्टोबरचा वारा इथे अंगातलं हाड अन् हाड मोजतो. खोकला छातीत उतरला. सुनीताने औषधं दिली, रागावली, समजावलं, आणि एके दिवशी कॅमेऱ्याची बॅटरीच पर्समध्ये टाकून कामाला गेली. मी साडेपाचला हॉर्न वाजवला तर आबा दारात उभे, कॅमेरा गळ्यात, हातात बॅटरीच्या रिकाम्या कप्प्याचं झाकण. रडत होते. मोठा माणूस रडताना मला बघवत नाही, मी चिडते. मी म्हटलं, अहो, काय चाललंय तुमचं, एका पक्ष्यासाठी जीव देणार का? मिरजेत कुणाला कळणारही नाही.

तेव्हा ते जे बोलले ते मी जसंच्या तसं लिहिते.

"ताई, चाळीस वर्षं मी मेलेल्यांचे फोटो केले. कितीही चांगला केला तरी माणूस गेलेलाच असायचा. हा जिवंत आहे. माझ्या फोटोनं हा वाचणार होता. आयुष्यात एकदा माझ्या हातून कुणी वाचणार होतं, आणि मीच ब्रश फिरवला."

मी गाडीतून उतरले. सुनीताला फोन केला, तिच्याशी भांडले. दुसऱ्या दिवशी तिने बॅटरी परत दिली, वर गरम पाण्याची पिशवीही दिली.

तो आला नाही. एकवीस सकाळी गेल्या, तो आला नाही. दोनदा घुमला, लांब, पलीकडच्या अंगाला. आबांनी फोनवर आवाज भरायचा प्रयत्न केला तर नुसता वारा आला. शेवटच्या चार दिवसांत ते खुर्चीवर बसतही नव्हते, पाण्यात उभे राहायचे, मेरेच्या नवऱ्याच्या गमबुटात, दोन नंबर मोठ्या.

सुनावणी एका हॉलमध्ये होती. समोर निर्णय देणारे तीन जण, बाजूला घरं बांधणाऱ्यांचा वकील, तरुण, सुस्वभावी, मला तर त्याचा रागही धड येईना. मेरे बोलली, चांगलं बोलली. मग आबांचा फोटो मोठ्या पडद्यावर लावला. मागे कुणीतरी हलकेच "वाव" म्हणालं. आबा सुनीताच्या लग्नातल्या कोटात उभे होते आणि मी शेजारी, भाषांतराला. वकिलाने आधी फोटोचं कौतुक केलं, मनापासून केलं. मग विचारलं, हा कुठे काढला हे फोटोत कशावरून दिसतं? मग विचारलं, या जागेवर जे होतं आणि फोटोत नाही, असं काही आहे का?

मी आबांकडे वळले. खरं सांगते, त्या क्षणी माझ्या मनात पाप आलं. मी प्रश्नच बदलून विचारला असता, उत्तर बदलून सांगितलं असतं, तर तिथे मराठी कळणारं कुणी नव्हतं. आबांना मी हळूच म्हटलं, आबा, नाही म्हणा. एवढंच म्हणा.

त्यांनी पडद्याकडे बघितलं. "खुंट्या होत्या," ते म्हणाले. "चार. मीच काढल्या. धुकं पण थोडं माझं आहे." आणि माझ्या हाताला धरून म्हणाले, सांग त्यांना, पक्षी माझा नाही, पक्षी खरा आहे.

पहिल्यांदाच त्यांनी मला अगं-तुगं केलं. मी सगळं सांगितलं, शब्द न शब्द. निर्णय देणाऱ्या तिघांतल्या मधल्या बाईंनी पेन खाली ठेवून, अगदी हळू आवाजात विचारलं, न बदललेला एखादा फोटो आहे का? आबांनी नकारार्थी मान हलवली. त्यांना इंग्रजी येत नाही असं कोण म्हणेल.

डिसेंबरात निकाल आला, घरांना परवानगी मिळाली. फोटो सुंदर आहे पण पुरावा म्हणून धरता येत नाही, असं त्यात एक वाक्य होतं. पुढे भांडायला मेरेच्या माणसांकडे बळ उरलं नव्हतं. मेरेने आबांना कधी एका शब्दाने बोल लावला नाही. प्रिंट तिने चौकट करून बैठकीत लावली. आबा तिच्याकडे जायचे तेव्हा भिंतीकडे पाठ करून बसायचे. जेवण कमी झालं. लॅपटॉप बंद. कॅमेरा गळ्यात असायचा, पण काढलेले फोटो ते बघतही नव्हते. रविवारी माझ्याकडे यायचे, बसायचे, मी भात लावायचे.  मी मेथीची भाजी केली, त्यांच्या आवडीची, दाण्याचा कूट घालून. दोन घास खाल्ले आणि म्हणाले, छान झालीय, आणि ताट बाजूला सरकवलं.

फेब्रुवारीत काम सुरू झालं. आधी चर खणून पाणी काढलं, मग पाणकणीस खरवडलं. एप्रिलच्या सुरुवातीला आबांचं परतीचं विमान होतं. आदल्या दिवशी त्यांनी विचारलं, ताई, उद्या पहाटे नेता का एकदा. मी म्हटलं, आबा, तिथे आता बघण्यासारखं काय आहे? ते म्हणाले, काही नाही.

धुकं दाट होतं. मी गाडी मेरेच्या वळणावर लावली. जिथे पाणी होतं तिथे नुसती पिवळी ओली माती, सपाट, एका टोकाला दोन खोदाईची यंत्रं उभी, अजून माणसं आलेली नव्हती. सातला येतात. आम्ही कुंपणापाशी उभे राहिलो. थोड्या वेळाने धुकं जरा हललं आणि आबांनी माझं मनगट धरलं.

तो तिथे होता. मोकळ्या मातीत, मधोमध, उभा. मान सरळ वर ताणलेली, चोच आभाळाकडे, अंग बारीक केलेलं, एखादी काठी रोवावी तसा. आणि तो किंचित डुलत होता, इकडून तिकडे. वारा नव्हता. मला कळेना हा काय करतोय. आबांना कळलं.

"त्याला वाटतंय तो पाणकणसात उभा आहे," ते म्हणाले. "भीती वाटली की असाच उभा राहतो, गवत हलतं तसा हलतो. त्याला वाटतंय आपल्याला तो दिसत नाही."

 मी म्हटलं, आबा, काढा, काढा आता फोटो. त्यांनी कॅमेरा गळ्यातून काढला आणि माझ्या हातात दिला. कुंपणाच्या तारेखालून वाकून पलीकडे गेले, कोट अडकला, फाटला, तसेच गेले. मातीत पाय रुतत होते. सरळ त्याच्याकडे चालत गेले आणि जोरजोरात टाळ्या वाजवायला लागले.

"जा! जा की रे! जा इथनं!"

तो हलला नाही. आबा पाच पावलांवर आले, तीन पावलांवर, तो चोच वर करून तसाच डुलत राहिला. आबांनी दोन्ही हात वर करून आरोळी ठोकली तेव्हा कुठे तो उडाला, जड, पाय लोंबत. वीस पावलं गेला, पुन्हा मातीतच उतरला, मान ताणली आणि डुलायला लागला. आबा वळले, त्याच्याकडे निघाले. पुन्हा टाळ्या. तो पुन्हा उडाला, पुन्हा तिथेच पुढे उतरला. मागे रस्त्यावर कामगारांच्या गाड्या येऊन थांबल्याचा आवाज झाला. एक यंत्र सुरू झालं. धुकं पुन्हा दाटलं आणि मला ना तो दिसेना ना आबा. मी कुंपणाला धरून आबा, आबा म्हणून हाका मारत होते, आणि आतून नुसत्या टाळ्या ऐकू येत होत्या, लांब लांब जात, आणि त्या थांबत नव्हत्या.